वाजवून बघितलेली सावंतवाडी

आमचे अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर सुतारकाम केलं. आता हात कापतो म्हणून पटाशी खाली ठेवली, पण सवय कुठली जातेय. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर बोटांची पेरं वाजवून बघणार, मग चहा घेणार. अशा माणसाला घेऊन सावंतवाडीला, लाकडी खेळण्यांच्या गावाला जायचं म्हणजे गाडीत परीक्षक बसवून न्यायचं. तेव्हा खाली लिहिलंय त्यात लाकडाबद्दलचं मत त्यांचं. रस्ता, खोली, जेवण आणि पैसे एवढंच माझं.

योग असा आला की २०२४ची त्रिपुरारी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला, शुक्रवारी पडली. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माऊली देवीची जत्रा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी. शुक्रवारी गुरुनानक जयंतीची बँकेला सुट्टी. शनिवार मात्र तिसरा, त्यामुळे एक रजा टाकावी लागली, आणि पुढच्या बुधवारी मतदान असल्यानं साहेबांनी ती तोंड वाकडं करूनच दिली. माझी इलेक्शन ड्युटी होतीच. दोन रात्री, अडीच दिवस, चार माणसं: मी, बायको, अण्णा आणि सात वर्षांची मनू. शुक्रवार-शनिवार चितार आळी, म्हणजे लाकडी खेळण्यांची गल्ली, शनिवारी रात्री जत्रा, रविवारी पिंगुळीचं बाहुल्यांचं संग्रहालय करून परत, असा बेत.

कोल्हापुरातून सकाळी साडेसहाला निघालो. आजरा, आंबोली, आणि घाट उतरून सावंतवाडी. आंबोलीत चहाला थांबलो तर हवा गार, धुकं विरत आलेलं. पावसाळ्यात इथं माणसांची जी झुंबड असते तिचा मागमूस नाही. नोव्हेंबरात जायचा हा एक फायदा.

आधी खोलीचं सांगून मोकळा होतो, कारण तेच सगळ्यात कमी आवडलं. गावाबाहेरचा एक होमस्टे फोनवर ठरवला होता. फोनवर दिवसाला बत्तीसशे. तिथं गेल्यावर "जत्रेचा रेट वेगळा", चार हजार. फोटोत दिसणारी नारळाची बाग होती, पण शेजाऱ्याची. पंखा दोनवर ठेवला तर फिरायचा नाही आणि तीनवर ठेवला तर खोलीत हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज. भांडण करावं असं मनात होतं, तेवढ्यात घरातल्या काकूंनी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पुढं ठेवली, आणि माझ्यातला राग निम्मा झाला. अण्णांचं तर भलतंच. ते दाराची चौकट वाजवून, "फणस हाय. पन्नास वर्षं तर झालीच असतील. कुठं हललेली न्हाई," म्हणत खूश. खोलीला पाचपैकी दोन, घावण्यांना पाच, चौकटीला अण्णांचे किती ते त्यांनाच विचारा.

आता आळी.

मोती तलावाच्या काठानं बाजारात शिरलं की कुणालाही विचारा, चितार आळी दाखवतील. लांबलचक काही नाही. चालत गेलात तर पाच मिनिटांत संपते, बघत गेलात तर दिवस जातो. दुकानांच्या दारात लाकडी फळांच्या परड्या: केळी, आंबे, सीताफळ, काजूबोंडं, अर्धं कापलेलं कलिंगड. लहानपणी लग्नाच्या रुखवतात जी फळं बघून "खरी आहेत का" म्हणून नख लावायचो, ती इथली. त्याखेरीज भातुकली, बैलगाड्या, भोवरे, पाळण्यावर टांगायची रंगीत खेळणी, पाट, चौरंग, देव्हारे, पोळपाट-लाटणी, ताक घुसळायच्या रव्या. मनूनं पहिल्या पंधरा मिनिटांत नऊ वस्तू मागितल्या. मी मोजत होतो.

पहिल्या दुकानात अण्णांनी एक चकचकीत भोवरा उचलला, हातात फिरवला आणि दुकानदाराला म्हणाले, "हे तुमच्याकडचं न्हाई." दुकानदार हसला. "चन्नपट्टणाचां," म्हणाला. सरळ सांगितलं, लपवलं नाही, हे त्याचं चांगलं. पण कुणी विचारल्याशिवाय सांगितलं असतं का, हे मी पैजेवर सांगणार नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणाची खेळणी वाईट नव्हेत. आपण ज्याला काळा कुडा म्हणतो त्याच्या पांढऱ्या, गुळगुळीत लाकडात ती कातलेली असतात आणि दिसतात फार सुंदर. पण सावंतवाडीला येऊन तीच घ्यायची असतील तर पेट्रोल कशाला जाळायचं? तेव्हा पहिली सूचना: विचारा. "हे इथंच केलंय का?" एवढंच. आळीतल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

मग अण्णांना ज्या कामासाठी आणलं होतं ते मिळालं. एका दुकानाच्या मागं छोटी खोली, भुश्श्यानं भरलेली. साठीच्या आसपासचा एक कारागीर मोटरच्या लेथवर लाटणी कातत होता. आम्ही दारात थांबलो. त्यानं वर न बघताच पायानं एक स्टूल अण्णांकडं सरकवलं. सुतारानं सुताराला ओळखलं बहुतेक.

त्या खोलीत आम्ही सव्वा तास होतो. एका लाटण्याची मूठ तेवढी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. कातून, घासून झाल्यावर त्यानं बोटाएवढी लाल लाखेची कांडी घेतली आणि फिरत्या लाकडाला टेकवली. रंग लावताना आपण ब्रश शोधतो, इथं ब्रश नाहीच. घासण्यानं जी ऊब तयार होते तिच्यातच लाख मऊ होऊन लाकडावर बसते. आधी पट्टा उंचसखल, कुठं जाड, कुठं लाकूड उघडं. मग त्यानं केवड्याचं सुकलेलं पान दुमडून त्यावर दाबलं. मनूनं श्वास रोखलेला. दोन क्षणांत तो ओबडधोबड लाल पट्टा आरशासारखा झाला आणि खोलीत जळक्या साखरेसारखा मंद वास पसरला. कारागिरानं लाटणं थांबवून मनूच्या तळहातावर ठेवलं. "गरम आसा, सांभाळ." ते कोमटच होतं, पण तिनं ते कोंबडीचं पिल्लू धरावं तसं धरलं.

अण्णांनी कोपऱ्यातला एक ठोकळा उचलून वजन बघितलं. "पांगारा?"

"पांगारो आता गावता खय, काका? ह्यां आंब्याचां."

पांगारा म्हणजे लाल फुलांचा, काटेरी. त्याचं लाकूड बुचासारखं हलकं, चाकूनंही कोरता येतं, म्हणून पूर्वी फळं त्यातच करायची. आता बरंचसं काम आंब्यात. आंब्याचं लाकूड वाईट नाही, पण दोन खोडी: ओलं असताना वापरलं तर आकसून चिरतं, आणि नीट राखलं नाही तर भुंगे टोकरतात. अण्णांनी ठोकळ्यावर अंगठा दाबला. "जरा ओलंच हाय की ओ."

कारागीर लाजल्यासारखा हसला. "जत्रेक माल व्हयो. सुकाक वेळ खय मिळता?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आम्ही निघण्यापूर्वी त्या कारागिरानं आम्हाला (म्हणजे मला, अण्णांना माहीतच होतं) भोवरा निवडायला शिकवलं. भोवरा उलटा न धरता सरळ धरायचा आणि डोक्यावरच्या कड्या बघायच्या, झाडाच्या वयाच्या असतात त्या. कड्यांचं केंद्र बरोबर मधोमध असेल तर तो अख्ख्या फांदीतून कातलाय आणि गाभा त्याच्या पोटात आहे. बाहेरचं लाकूड वाळताना आकसतं, आतल्या गाभ्याभोवती ते ताणलं जातं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात चीर पडते. कड्या कमानीसारख्या एका बाजूनं गेलेल्या दिसल्या तर तो मोठ्या ओंडक्याच्या फाळीतून निघालाय, तो टिकतो. मी टोपलीतले वीसेक भोवरे बघितले. सात कमानीचे निघाले. त्यातले तीन घेतले, पन्नासला एक. कोल्हापुरातला जाळीवाला भोवरा ज्यानं फिरवलाय त्याला सांगतो, याची आर (खालचं टोक) थोडी आखूड आहे, पण तोल झकास.

पोळपाटाचंही तसंच. अण्णांचा नियम: तीन पायांचा घ्यावा, तो कुठल्याही फरशीवर डगमगत नाही. चार पायांचा घेतलात तर दुकानाच्या फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. आम्ही एकाच फळीचा, तीन पायांचा घेतला. लाटण्यासकट साडेचारशे. लाटणं तेच, मनूच्या हातातलं. ते सोडायला ती तयारच नव्हती.

चूक आम्ही केली ती शुक्रवारी संध्याकाळी, अण्णा खोलीवर आराम करत असताना. बायकोला फळांचा संच हवा होता, नणंदेच्या मुलीच्या रुखवतासाठी. आळीतच एका दुकानात बारा फळांचा संच साडेपाचशेला घेतला. "ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं," असं दुकानदार म्हणाला. रात्री मनू आंघोळ करून आली, ओल्या हातानं कलिंगडाची फोड उचलली, आणि तळहात लाल, गादीवरची चादर लाल. होमस्टेची पांढरी चादर! बायकोनं रात्री अकराला ती न्हाणीघरात धुतली, कारण दोनशे रुपये दंड मागतील अशी तिची खात्री होती. अण्णांनी सगळी फळं एकेक करून वासावर घेतली. "रंग दोन दिवसांचा बी न्हाई. जत्रेचा माल."

शनिवारी सकाळी संच घेऊन दुकानात गेलो. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो. दुकानदारानं कलिंगड बघितलं, अंगठ्यानं घासलं, आतल्या फडताळातून जुना संच काढून पुसून दिला आणि वर एक काजूबोंड. एकही प्रश्न नाही. वर्षभर पडून असलेला तो संच नव्यापेक्षा बरा निघाला. रंग थोडा बसलेला, पण हाताला लागत नाही. म्हणून दुसरी सूचना: जत्रेच्या आठवड्यात रंगवलेली फळं घ्यायची असतील तर नवी चकाकणारी नको, धूळ बसलेली मागा.

आळीला माझे पाचपैकी साडेचार. अण्णांचे चार. अर्धा त्यांनी ओल्या आंब्यासाठी कापला.

शनिवारी दुपारी राजवाडा. राजे खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळातला. तलावासमोर, झाडीत, लाल चिऱ्याचा. वेळा आधी विचारून जा. आत दरबारात बसून कारागीर गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पाने: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शा. पारंपरिक पद्धतीत पानाच्या मुळाशी कापड असतं. त्याला चिंचोक्याची खळ आणि खडू देऊन, दगडानं घोटून गुळगुळीत करतात, मग त्यावर रंग. ही कला जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी उतारवयातल्या एका चितारी कारागिराकडून ती शिकून घेतली आणि वाड्यातच कार्यशाळा सुरू केली. सत्त्वशीलादेवी स्वतः रंगवायच्या. तिथं बसलेल्या एका मुलीनं मत्स्यावताराच्या पानावर माशाचा डोळा काढला. इतका बारीक ब्रश की मला तो दिसतच नव्हता, फक्त तिचा हात स्थिर असल्याचं दिसत होतं. अण्णा त्या हाताकडं बघत राहिले. स्वतःचा हात त्यांनी खिशात घातला होता.

पूर्ण संचाची किंमत विचारून मी संच जपून खाली ठेवला. एकेक पान सुटं मिळतं, ते एक घेतलं. वाड्यात राहायचीही सोय केलीय आता, पण ती आमच्या खिशाची नाही. बाहेर तलावाच्या काठानं प्रचाराच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या, एकीचं गाणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. आतल्या शांततेला तेवढंच गालबोट.

जेवण बाजारातल्या एका छोट्या खानावळीत. कोंबडी-वडे, सोलकढी. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचं कौतुक सांगू नये, पण वडे एक नंबर. रस्सा आमच्या जिभेला मवाळ. अण्णांनी काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा मागून घेतली.

आता जत्रा. खरं सांगायचं तर लाकडी सामानासाठी सोनुर्लीला जाऊ नका. गाडी लांब लावून चालत गेलो. देवळाच्या वाटेवर दोन्हीकडं पालं, पण खेळणी म्हणाल तर नव्वद टक्के प्लास्टिक. लाकडाचं सामान मांडलेली दोनच पालं दिसली आणि त्यातला माल आम्ही आळीत बघितलेलाच होता, वीस-तीस रुपये जास्तीनं. मनूनं चितार आळीतल्या इतक्या वस्तू सोडून इथं दहा रुपयांची प्लास्टिकची पिपाणी घेतली आणि रविवारी फोंडा घाट संपेपर्यंत वाजवली.

पण जत्रेला जत्रा म्हणून जायचं असेल तर जरूर जा. देवीची ओटी भरायला मोठी रांग. रात्री लोटांगणं सुरू होतात. नवस फेडायला पुरुष देवळाभोवती जमिनीवर लोळत जातात, बायका हात जोडून उभ्यानं. बाजूला शेकडो माणसं असूनही त्या वर्तुळात एक वेगळीच शांतता. आम्ही कडेला उभे राहिलो. फोटो काढावासा वाटला नाही. नंतर खाजं घेतलं, चण्याच्या पिठाच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळलेल्या, आल्याचा झणका असलेल्या. ताजं मऊ खाजं आणि परवाचं कडक खाजं यांत फरक आहे, एक कांडी आधी मोडून बघा. एक किलो घेतलं, कोल्हापूरला अर्धा पोचलं. दशावताराचं नाटक उशिरा सुरू होणार होतं. मनू माझ्या खांद्यावर झोपली, तेव्हा निघालो. पुढच्या वेळी तिला दुपारी झोपवून नेणार.

रविवारी सकाळी पिंगुळी, कुडाळच्या अलीकडं. परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यातच ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलंय. २०२१ला त्यांना पद्मश्री मिळाली. जागा लहान, पण सांगणारी माणसं मनापासून सांगतात, घाई करत नाहीत. आमच्यासमोर बाहुली नाचवून दाखवली. मनूला गोष्ट कळली, अण्णांना सांधे दिसले. लाकडी हात खांद्याला कसा अडकवलाय, कोपर कसं दुमडतं, दोरा कुठून घेतलाय, हे त्यांनी तीनदा विचारलं आणि तीनदा उत्तर मिळालं. अख्ख्या सहलीत ते एवढे बोलले नव्हते. रविवारचे ते दोन तास गाळून कुणी थेट घरी जात असेल तर त्याला मी वेडा म्हणेन.

परतीला गगनबावड्याचा रस्ता घेता आला नाही, करूळ घाट तेव्हा कामासाठी बंद होता. कणकवली, फोंडा घाट, राधानगरी करत रात्री आठला घरी. एकूण खर्च पेट्रोल, खोली, खाणं आणि लाकूड धरून चौघांचा सोळा हजारांच्या आत. त्यातलं लाकूड सव्वादोन हजारांचं.

हे लिहितोय ते जूनमध्ये, उन्हाळा उलटल्यावर. पोळपाट ठणठणीत, लाटण्याचा लाल पट्टा जसाच्या तसा. रुखवतातली फळं बघून लग्नात दोघा-तिघांनी नख लावलं, म्हणजे काम झालं. कमानीच्या तिन्ही भोवऱ्यांना चीर नाही. मनूनं हट्टानं घेतलेला चौथा, मधोमध कड्यांचा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उभा चिरला. अण्णांनी त्यात फेविकॉल आणि लाकडाचा भुसा भरून दोरीनं बांधून ठेवलाय. फिरतो, पण थोडा रडतो.

आणि हो, दुपारी एक ते चार आळी झोपलेली असते. त्या वेळात जाऊन दारं वाजवू नका. आमच्या अण्णांनी वाजवली, पण ती लाकूड बघायला.